डब्याचं कुंकू

श्रावण सोमवारी मी दिवेलागणीपर्यंत मौन धरते. ह्यांना त्याची सवय आहे. त्या दिवशी हे स्वतःच विचारतात आणि स्वतःच उत्तर देतात.

त्या साली माझ्या सोळा सोमवारांचं उद्यापन होतं, आणि ते भोरमदेवाच्या पायाशी करीन असं मी देवाला बोलून बसले होते. कवर्ध्याकडचा लांब रस्ता. ह्यांनी स्टील प्लान्टमधून रिटायर झाल्यावर जुनी डिझेल जीप घेतली होती, उतई ते दुर्ग सवाऱ्या नेत. घर तिच्यावरच चाले. तीच काढायची ठरली. सोबत ह्यांच्या मथुराआत्या आणि शेजारचे केवलराम भाऊजी.

रोज संध्याकाळी जीप घरी आली की हे बॉनेट उघडत आणि मी इंजिनाला कुंकू लावत असे. जागा ठरलेली: इंजिनाच्या बाजूचा लोखंडी डबा, गडव्यासारखा गोल. पहिल्याच दिवशी चटका बसला तेव्हा हे हसले होते.

"तो बायपास फिल्टर हाये. एंजिनातलं थोडं थोडं तेल ह्याच्यातून गाळून परत जाते. गरम तेल फिरते म्हणून डबा गरम."

तेव्हापासून बोट टेकवून लगेच उचलायचं, एवढं मला कळलं.

उद्यापनाच्या सकाळी हे पॉवर हाउस चौकातल्या पंपावरून डिझेल भरून आले. पूजेचं सामान चढलं. मी कुंकू घेऊन बॉनेटपाशी गेले, बोट टेकवलं, आणि उचलायचं राहूनच गेलं. डबा थंड होता. रविवारी कोमट लागला होता, पण पावसात निवला असेल म्हणून मी सोडून दिलं. आज तर रस्ते कोरडे होते.

"बसा वयनी, ऊन चढून राहिलं," केवलराम भाऊजी म्हणाले.

बोलायचं नव्हतं. मी ह्यांचा हात धरला आणि डब्यावर ठेवला.

"अवो देवराव, मजा हाये तुमची! मौनाच्या दिवशी वयनी हात धरून राहिल्या!"

"पोरी, चारचौघात!" आत्याबाईंनी तोंडाला पदर लावला.

लाज वाटली, पण हात सोडला नाही.

"थंडा हाये," हे म्हणाले. "बरंच हाये ना मंग. तापत नाही म्हणजे."

मी तोच हात उचलून इंजिनावर नेला. ह्यांनी झटकन मागे ओढला. मग स्वतःहून पुन्हा डब्यावर ठेवला. तेल मोजायची काडी ओढून फडक्याला पुसली. नुकतंच बदललेलं तेल काजळासारखं काळं.

"तेल तर भरून हाये. मंग कावून थांबता?" भाऊजींनी विचारलं.

"भरून हाये, पण गाळून नाही राहिलं. फिल्टर चोंदला." हे माझ्याकडे वळले. "दुकान उघडून नवा घालेपर्यंत दुपार होते. मंग आज भोरमदेव होत नाही. तसंच नेलं तर पोचूही, पण एंजिनाची खात्री मले नाही. देवाशी बोलणं तुझं हाये, प्रेमला. तू सांग, जायचं?"

महिनाभर मी मनातल्या मनात त्या देवळाच्या पायऱ्या चढत होते. डोळे भरून आले. मी नाही म्हणून मान हलवली आणि पूजेची परडी आपल्याच हाताने खाली उतरवली.

भाऊजीच डोकं खाजवत म्हणाले, "देवबलोदा हाये ना, हे इथं चरोद्याजवळ. तिथला महादेव काय दुसरा हाये?"

दुपारी ह्यांनी डबा उघडला. आतली गाळणीची गुंडाळी काळ्या चिखलाने लिंपलेली होती, थेंब जायलाही वाट नव्हती. नवी घालून आम्ही निघालो. देवबलोद्याला पोचलो तेव्हा गाभाऱ्यात दिवा लागत होता. मौन सुटलं. पहिला शब्द महादेवाचा. दुसऱ्यात भोरमदेवाची माफी मागितली, पुढच्या श्रावणात येते म्हटलं.

घरी परतल्यावर ह्यांनी बॉनेट उघडलं. मी कुंकवाचं बोट पुढे केलं, तर ह्यांनीच माझा हात धरून डब्यावर टेकवला.

"आई गं!"

"गरम हाये ना?" हे हसत म्हणाले.

"हाये," मी बोट फुंकत म्हणाले.

ओट्यावरून आत्याबाईंचा आवाज आला, "आता हा धरून राहिला काय हात?"