मशेरीला बसलेली बाई

मोरीच्या फरशीवर काळपट थुंकी दिसली आणि चतुराबाईचं टाळकंच सटकलं.

“सिंधे, हिकडं ये. तोंड उघड.”

सून भांडी टाकून उठली. तोंड उघडून उघडून किती उघडणार? जबडा असा आवळला होता की दोन बोटं आत जाईनात. डाव्या गालाच्या आत ती न भरणारी जखम, आणि तिच्या शेजारीच हिरडीवर ताजी मशेरी.

“कुनी दिली?”

“मालनताईंनी.”

“गुरुवारी आप्रेशन हाय तुझं! डॉक्टर काय बोलला? मशेरी आजपासून बंद, नायतर मी कापून काय उपेग नाय. बोलला का नाय?”

चतुराबाई चपला न घालताच बाहेर पडली.

वडाळा नाक्याजवळच्या त्या चाळीत नऊ घरं, आणि नऊच्या नऊ घरांत मशेरी चतुराबाईच्या तव्यावरची. भद्रकालीच्या बाजारातून ती स्वतः पारखून तंबाखूची पानं आणायची, काळी होईस्तोवर भाजायची, कुटून फडक्यातून गाळायची. जास्त भाजली तर कडू, कमी भाजली तर झोंबते. तो अंदाज म्हणे तिच्याच हाताला. तंबाखू खाणाऱ्या गड्यांना मात्र ती दारात उभं करत नसे. “ते तंबाखू खात्यात, आमी दात घासतो,” असं तिने सिव्हिलमधल्या डॉक्टरलाही ठणकावलं होतं. डॉक्टर तरणा होता, पण पोचलेला. त्याने विचारलं, “आजी, दिवसातून किती वेळा घासता दात?” चतुराबाई बोटं मोजू लागली. पाचव्या बोटाला आली आणि हात पदराखाली घेतला.

“मालने! भाईर ये!”

शेजारची मालनबाई तांदूळ निवडता निवडता ताट घेऊनच दारात आली. “काय झालं, आक्का?”

“माझी सून मारायला निघालीस का तू?”

“आवं, तलफ लागली होती तिला. डोकं धरून बसलेली, हात लटलट कापत होते. बघवंना मला. चिमूटभर दिली.”

“इख दिलंस तू, इख! तुला आपलं मानूस समजत होते मी. तुझ्या हातचं पानी बी पिऊ नये कुनी!”

मालनबाईने ताट खाली ठेवलं. “इख? कुनाच्या हातचं हाय ते? मागल्या आमोशाला तुमीच वाटीभर दिलंत ना? अन् आक्का, आधी सोताचं तोंड धुवा. मग माझं काढा.”

चतुराबाईची जीभ आपसूक खालच्या ओठात गेली. होती. सकाळपासून होती. मशेरीचा डबा ट्रंकेत घालून कुलूप लावलं होतं तिने, पण किल्ली तिच्याच कमरेला होती.

दारादारांत बाया उभ्या राहिल्या होत्या. कुणीतरी फिसकन हसलं. चाळीस वर्षांत चतुराबाई भांडणातून मागे आली नव्हती. तिने मालनबाईच्या पिंपातून तांब्याभर पाणी घेतलं आणि सगळ्यांच्या देखत खळखळून चुळा भरल्या. गटारात काळं पाणी वाहिलं.

“हसा,” ती तोंड पुसत म्हणाली. “हसा की! तुमच्या बी तोंडात तेच हाय. मीच घातलंय. सिंधूच्या तोंडात तर ह्या बोटानं घातलंय. पन आता वाट्या घिऊन माझ्या दारात आलात तर वाटीसकट फेकून दीन. मी भाजनार नाय.”

घरी आली तेव्हा राग तसाच होता, फक्त त्याला जागा नव्हती. तो सिंधूवरच निघाला. “तुला जीव जड झालाय का? दोन लेकरं हायेत तुला! दाढ दुखत होती म्हनून लावली मी, पहिल्या बाळंतपनात. दाढ कवाच थांबली. मग सोडायला काय झालं होतं?”

अकरा वर्षांत उलट न बोललेली सिंधू फडक्याने गाल दाबत हळूहळू बोलली. जबडा आवळलेला, एकेक शब्द वाट काढत यायचा.

“मशेरी तोंडात असली की मला कुनी हाक मारत नव्हतं, आत्याबाई. तुमी पन नाय. पायरीवर दहा मिन्टं बसायला मिळायचं.”

बाई मशेरीला बसली की हाक मारू नये, हा घरचा कायदाच होता. चतुराबाईला तिच्या सासूने शिकवलेला, मशेरीच्या पहिल्या बोटाबरोबर. घागर भरायची असो, पोर रडत असो, तेवढा वेळ बाईला माफ. तिलाही तेवढाच तर मिळाला होता जन्मात. आता डॉक्टरला शिव्या द्याव्यात, मालनला द्याव्यात, की मेलेल्या सासूला? जिला शिवी घालायची तिच्या तोंडात कुणी ना कुणी आधी बोट घातलेलं.

संध्याकाळी तिने ट्रंकेतला डबा मोरीत रिकामा केला. कुणाला सांगितलं नाही.

सकाळी मशेरीवाचून तिचं डोकं फुटत होतं. सिंधू उठून भांड्यांकडे निघाली.

“ठेव ते. पायरीवर बस.”

“बसून काय करू?”

“काय करायचं नाय. बसायचं.”

सिंधू बसली; परक्या घरी आल्यासारखी, पायरीच्या कडेला, अर्धवट. आत तिचा नवरा वाल्मीक सातपूरच्या कंपनीत पहिल्या पाळीला जायला शर्टाची बटणं लावत होता.

“सिंधू, चहा झाला का गं?”

सिंधू उठू लागली. चतुराबाईने तिच्या खांद्यावर हात दाबला.

“वाल्या, हाका मारू नको. ती बसलीय.”

“बसलीय? मशेरी तर बंद केलीय ना तिची?”

“बंदच हाय.”

“मग काय करतीय?”

“बसलीय म्हनलं ना! एकदा सांगून कळत नाय? तुला चहा पायजे ना? मी करते.”

तिने स्टोव्हला पंप मारला. हात असा थरथरत होता की दोन काड्या विझल्या, तिसरी लागली. दारातून सिंधूची पाठ दिसत होती. जरा वेळाने ती पाठ सैल झाली आणि चौकटीला टेकली. गुरुवारला अजून पाच दिवस होते. साखरेचा डबा कुठे ठेवलाय, हे चतुराबाईला सापडेना. तिने फळीवरचे सगळे डबे एकेक उघडून पाहिले. तोवर चहा उतू गेला. पण तिने सुनेला हाक मारली नाही.