चौथा खांदा

सुंदरबाईच्या दहाव्याला चार दिवस राहिले आणि नवलचा उजवा खांदा दुखायला लागला.

खांद्याला झालेलं काहीच नव्हतं. कपाशीची गाठोडी त्याच्याइतकी सहज उचलणारा गडी उभ्या कळसाडी गावात नव्हता, आणि सुंदरबाई तर वाळलेल्या तुरकाठीसारखी बाई. तिच्या तिरडीचा भार तो केवढा! पण दुखत होता खरा. बायकोनं, मीनाबाईनं, मीठ तापवून फडक्यात बांधलं आणि शेक दिला.

"आते दहाव्याले हिंमतभाऊ तेल चोळीच," ती म्हणाली, "मंग दुखनं राही."

नवलनं तिचा हात बाजूला सारला आणि उठून गोठ्यात गेला.

त्या बाजूच्या गावांत रीतच तशी. दहाव्याला नदीवर पिंड झाले की ज्या चौघांनी तिरडीला खांदा दिला त्यांना ओळीनं बसवायचं. मेलेल्याच्या मुलानं त्यांच्या उघड्या खांद्यावर दुधाची धार धरायची, तेल चोळायचं आणि प्रत्येकाच्या पाया पडायचं. भार उतरला म्हणायचं. मग गेलेला जीवही मोकळा आणि वाहून नेणारेही मोकळे.

सुंदरबाईचा मुलगा हिंमतराव त्याच्या पाया पडणार होता. ते नवलला दुखत होतं.

दवाखाना तेव्हा शहाद्याला. गावात दुखण्याला दारं तीनच: फुलीबाईचा बिब्बा, भगताचा दोरा आणि देवळातलं तीर्थ. तिन्ही दारं झाली की मग कोणाची तरी दमणी, बैलांची हलकी गाडी, जुंपायची. गावात दमण्या दोन, त्यातली एक नवलची. त्यामुळे बाळंतीण अडली, ताप डोक्यात गेला, की लोक त्याच्याच अंगणात येत. त्यानं कधी नाही म्हटलं नव्हतं. वीस वर्षांत एकदा म्हटलं, आणि तेही 'नाही' असं म्हटलं नव्हतं.

मार्गशीर्षातला सप्ताह होता. सप्ताह म्हणजे नवलची दिवाळी. सात दिवस तो ज्वारीच्या भाकरीलाही प्रसाद म्हणायचा. टाळकऱ्यांच्या ओळीत पहिला उभा तो. त्याच्या पायाच्या ठेक्यावर बाकीच्यांचा पाय पडायचा. बुवांचा अभंग वर चढला की त्याच्या अंगावर काटा यायचा, आणि बुवा निरूपणाला खाली उतरले की डोळ्यांतून पाणी. त्यात काही ढोंग नव्हतं. देवाचं नाव ऐकून त्या माणसाला खरंच भरून यायचं.

शेवटच्या दिवशी सकाळी काल्याचं कीर्तन. नवल आंघोळ करून, कपाळाला बुक्का लावून, गळ्यात टाळ अडकवून निघाला. दोन घरं पलीकडे हिंमतरावचा ओटा. हिंमतराव त्याचा लहानपणापासूनचा सोबती. कापूस घेऊन नंदुरबारच्या जिनिंगमध्ये गेला होता. जाताना सांगून गेला होता, "घर तुन्हा भरोसे शे रे." ओट्यावर त्याची आई, सुंदरबाई, गुडघे पोटाशी धरून बसली होती. घरात दुसरं कोणी नव्हतं. सून प्रमिलाबाई पहाटेपासून देवळात काल्याच्या लाह्या भाजायला गेली होती.

"नवल, भाऊ," म्हातारीनं हाक मारली, "गाडी जुप ना. माले शहादाले ली चाल."

"काय व्हयनं मावशी?"

"रातपाईन पोट फाटी ऱ्हायनं. सकाये फुलीनी बिब्बा लावा, काही फरक नही. हिंमत अठे नही. तुले नही सांगू ते कोनले सांगू?"

तेवढ्यात देवळात पखवाजावर थाप पडली.

नवलनं एकदा गोठ्याकडे पाहिलं, एकदा देवळाकडे. "काला व्हई जाऊ दे मावशी," तो म्हणाला. "दोन घटकानं काम. बुवा उभा ऱ्हायनात. काला व्हयना का लगेच जुपस." त्यानं कनवटीची पुडी सोडून तिच्या कपाळाला बुक्का लावला. "पांडुरंगनं नाव ले, उतरी जाई."

सुंदरबाईनं त्याच्याकडे पाहिलं. ती हट्ट करणारी बाई नव्हती. "बरं," म्हणाली. "लवकर ये."

दोन घटकांचं काम तीन तास चाललं. असं कीर्तन कळसाडीत झालं नव्हतं. बुवांनी यमुनेचं वाळवंट उभं केलं, सवंगडी बसवले, शिदोऱ्या सोडवल्या. एक लंगडा गडी मागं राहिला होता. देवानं तोंडापर्यंत नेलेला घास खाली ठेवला आणि त्याला आणायला उलट्या पावली निघाला. नवल टाळ वाजवता वाजवता रडला. आणि तेव्हा, एकदा, त्याला ओट्यावरची म्हातारी आठवली. आठवली नाही असं त्याला पुढं कधी म्हणता आलं नाही. पण पखवाज चढला होता, डाव्या-उजव्या हाताचे टाळकरी त्याच्या पायाकडे बघून पाय टाकत होते. ओळ मोडायची कशी? हे एवढं होऊ दे, असं तो मनाशी म्हणाला. मग दहीहंडी. मग प्रसाद.

तो दमणी घेऊन आला तेव्हा सूर्य डोक्यावर होता. प्रमिलाबाईही नुकतीच काल्याचं भांडं घेऊन घरी आली होती आणि उंबऱ्यातच किंचाळली होती. सुंदरबाई ओट्यावरून आत सरकली होती, भिंतीला टेकून बसली होती. ओठ काळे पडले होते. वाटेत ती काही बोलली नाही. दमणीचा दांडा तिनं एका हातानं घट्ट धरला होता, तेवढंच.

शहाद्याच्या दवाखान्यात डॉक्टरनं पोट दाबून पाहिलं. फळीसारखं कडक.

"कधीपासून दुखतंय?"

प्रमिलाबाईला ठाऊकच नव्हतं. नवल म्हणाला, "रात्रीपासून."

"मग आत्ता आणता? इतका वेळ काय करत होता तुम्ही?"

औषधं देणारा रतिलाल हातात बाटली धरून तसाच थांबला. प्रमिलाबाईनं मान वर केली. सगळे नवलकडे बघायला लागले, आणि नवलच्या तोंडून जे निघालं ते त्यानं ठरवून काढलं नव्हतं.

"काला होता, डॉक्टरसाहेब. मावशीच म्हणाली, काला झाल्याशिवाय मी गावाबाहेर पाय टाकणार नाही."

डॉक्टर पुटपुटत आत गेला. बाकावर पडलेल्या सुंदरबाईनं डोळे उघडले आणि नवलकडे पाहिलं. तिनं ऐकलं की नाही, देव जाणे. दिवेलागणीच्या आधी ती गेली.

रतिलाल चांगला माणूस, पण गोष्ट पोटात ठेवणारा नव्हता. दुसऱ्या दिवशी हिंमतराव नंदुरबारहून धावतपळत आला, तेव्हा शहाद्याच्या वेशीवरच लोकांनी त्याला आधी ही कथा सांगितली आणि मग हात जोडले. घरी येऊन त्यानं नवलच्या गळ्यात मिठी मारली.

"मन्ही मायनी काला सोडा नही, नवल! जीव सोडा, पन काला सोडा नही!"

आता सांगावं, हे त्याला कळत होतं. पण हिंमतराव रडता रडता हसत होता, आणि ते हसू काढून घ्यायचं कसं? उचला रे, म्हणाले लोक. त्यानं पुढच्या उजव्या अंगाला खांदा दिला. पुढं टाळ-मृदंग, मागं सगळा गाव. गावातल्या कोणा बाईच्या मागं एवढी माणसं कधी निघाली नव्हती.

आणि मग ती कथा चालतच राहिली. बुवांचा मुक्काम देवळात होता, ते म्हणाले, "तेराव्याच्या कीर्तनात या माउलीची कथा मी सांगणार. पुढंही जिथं जाईन तिथं सांगणार." ज्या कीर्तनानं नवलला आयुष्यभर शहाणं केलं त्याच कीर्तनात आता त्याचं खोटं गायलं जाणार होतं, आणि टाळ धरून त्यानंच साथ करायची होती. त्याला घास उतरेना.

तेवढ्यावर भागतं, तर कदाचित तो गप्पच राहिला असता. पण हिंमतरावची थोरली बहीण कौसाबाई तळोद्याहून आली होती आणि आल्या दिवसापासून भावजयीला सोलत होती. भांडी घासताना, पाणी भरताना, आलेल्या-गेलेल्यासमोर.

"सासू मरी ऱ्हायनी आणि सून लाह्या भाजी ऱ्हायनी! म्हतारी नही म्हने, म्हने ना. तुले हात नही व्हतात? उचलीसन गाडीमा टाकती!"

प्रमिलाबाई उलट बोलत नव्हती. हिंमतरावही बायकोची बाजू घेत नव्हता. आठव्या दिवशी ती पाण्याला जाताना नवलच्या दारात थांबली.

"भाऊ, सासूबाईसनी तुमले तरी सांगं. माले का नही सांगं? मन्हावर राग व्हता का त्यास्ना?"

"नही बहीन, राग कशाना," नवल म्हणाला. ती गेली. तिच्या डोक्यावरची घागर रिकामीच होती, तरी ती भरलेल्या घागरीखाली चालावं तशी चालत होती.

दहाव्याला नदीवर पिंड झाले. न्हाव्यानं पाट ठेवले. खांदेकरी उघड्या अंगानं ओळीनं बसले: गावातला भिला, हिंमतरावचे दोघे चुलतभाऊ आणि शेवटी नवल.

"हिंमत, माले दोन पळ्या तेल जास्ती," भिला म्हणाला. "मी पडनू उंच, सगळी मावशी मन्हाच खांदावर व्हती. हाऊ नवल खाली वाकी वाकी चाले, लबाड!"

लोक हसले. मोठ्या मरणाच्या दहाव्याला एवढं चालतं. हिंमतरावही हसला, भिलाच्या खांद्यावर धार धरली, तेल चोळलं, पाया पडला. मग दुसरा. मग तिसरा. मग तो नवलसमोर आला. दुधाचा पेला त्यानं तिरका केला.

"थांब हिंमत."

"काय रे?"

"मन्हा खांदा चोळू नको." नवल पाटावरून उठला. "मावशी तसं म्हनीच नव्हती. सकाये ओट्यावर बठेल व्हती. माले म्हने, गाडी जुप, पोट फाटी ऱ्हायनं. मीच म्हनं, काला व्हई जाऊ दे. मी म्हनं. आणि डाक्टरसमोर तिन्ह्या तोंडमा घातं."

हिंमतरावच्या हातातला पेला तसाच तिरका राहिला, दुधाची बारीक धार वाळूत पडत राहिली.

"दहा दिन व्हई गयात," शेवटी तो म्हणाला. "दहा दिन मी समदास्ले सांगी ऱ्हायनू, मन्ही माय हासत गयी. काल्यासाठे गयी." त्याचा आवाज चिरला. "ती दुखमा गयी ना रे? वाट दखत गयी ना? तुन्ही वाट!"

"हां."

भिला मध्ये पडायला उठला. "हिंमत, रीत शे, चार खांदा लागतस. चोळी टाक, मायले मोकळं कर. भांडन मंग कर."

हिंमतरावनं तेलाची वाटी उचलली, नवलच्या उघड्या खांद्याकडे पाहिलं आणि वाटी खाली ठेवली.

"तीन व्हयनात, तेवढा बस. याना राहू दे तसाच. मन्ही माय तेवढी राही याना खांदावर." मग नवलकडे न बघता म्हणाला, "घर चाल. अठे गडीमानूसमा सांगं, त्यामा काय? प्रमिलाले सांग. ताईसमोर सांग. बुवाबी तठेच शेतस."

नदीपासून घर काही लांब नव्हतं. नवल सगळ्यांच्या मागं चालला. आत काहीतरी सैल झालं होतं, पण हलकं वाटत नव्हतं. वाटेत त्यानं पांडुरंगाचं नाव घ्यायला तोंड उघडलं आणि मिटलं. आज ते नाव आडोशाला धरायचं नाही, एवढं त्याला समजत होतं.

अंगणात बायका बसल्या होत्या. ओट्यावर बुवा. प्रमिलाबाई खांदेकऱ्यांच्या पायांवर घालायला पाण्याचा तांब्या घेऊन पुढं आली.

"या नवलराव," बुवा म्हणाले, "बसा."

नवल बसला नाही. तांब्याला त्यानं हातानं अडवलं आणि तिथंच, अंगणाच्या मध्यात उभं राहून सगळं सांगितलं. ओटा, बुक्का, काला, दवाखाना. एकदा सुरुवात झाल्यावर तो थांबला नाही. कौसाबाईनं पदर तोंडाला लावला. तिच्या हुंदक्यात आईही होती आणि गेल्या दहा दिवसांतलं तिचं स्वतःचं बोलणंही. बुवांनी डोळे मिटले. "मी ती कथा सांगणार नाही," एवढंच ते म्हणाले, आणि मग थोड्या वेळानं, "हीसुद्धा नाही."

प्रमिलाबाई तांब्या धरून उभीच होती. ती नवलला रागावली नाही, रडलीही नाही. एक पाऊल पुढं आली.

"भाऊ, त्या टायमाले सासूबाईसनी मन्हं नाव लिधं व्हतं का? प्रमिलाले बलाव, असं काही?"

सगळं अंगण त्याच्याकडे बघत होतं. तिच्या डोळ्यांत उत्तर तयार होतं. त्यानं फक्त मान हलवायची होती. किती सोपं होतं! बाई जन्मभर त्या एका शब्दावर जगली असती, आणि त्यानं कोणाचं काही बिघडलं नसतं.

"नही बहीन," नवल म्हणाला. "नही लिधं. गाडी जुप म्हने. लवकर ये म्हने. तेवढंच."

प्रमिलाबाईनं मान खाली घातली. मग तिनं तांब्या खाली ठेवला आणि आत जाऊन दार लोटून घेतलं.