पाठीमागची रांग

"मागं वळून बघायचं नाही," निवडणूक अधिकाऱ्यानं दोघांनाही बजावलं, आणि केम्बाबाझीनं नजर समोर रोखली.

शाळेच्या मैदानात ती आणि म्हातारा काताबाझी हातभर अंतरावर उभे होते. गावाचा अध्यक्ष निवडायचा, तर ज्याला मत त्याच्या मागं जाऊन उभं राहायचं, साऱ्या गावादेखत. काताबाझी कित्येक वर्षं अध्यक्ष होता. पण त्याच्या पुतण्यानं झऱ्याच्या वाटेवर कुंपण घातलं, बायकांना पाण्यासाठी अख्ख्या टेकडीचा वळसा पडला, तरी म्हाताऱ्यानं ब्र काढला नाही. म्हणून ती उभी राहिली.

"नाबोथची आई, गाव चालवशील तर चूल कोण पेटवेल गं?" कुणीतरी तिच्या लेकाचं नाव घेऊन ओरडलं. हशा पिकला.

"तुझी बायको माझ्या मागं उभी राहणार आहे. आधी तुझी चूल बघ!" ती समोर बघतच म्हणाली.

मागं पावलं वाजत होती. कुणाची, कुठं, कळेना. मग नवऱ्याचा खोकला ऐकू आला. रुहिंदाचाच, सकाळचा तो कोरडा खोकला. पण तो डावीकडून आला, काताबाझीच्या रांगेतून. ती मागं वळता वळता थांबली.

मोजणी झाली. ती जिंकली. बायका नाचायला लागल्या. काताबाझीनं खिशातून गावाचा शिक्का काढून तिच्या हातावर ठेवला आणि निघून गेला.

घरी तिनं रुहिंदाला अंगणातच गाठलं.

"अहो, सगळ्या गावादेखत?"

"आईला डोलीतून दवाखान्यात नेलं, तेव्हा पुढचा खांदा काताबाझीचा होता. चिखलात घसरला, गुडघा फुटला, पण डोली टेकू दिली नाही. त्याच्याकडं पाठ फिरवून कसा उभा राहू?"

"मग आधी सांगायचं होतंत."

"सांगितलं असतं, तर तू उभी राहिली असतीस?"

रुहिंदानं ज्वारीच्या आंबिलीनं भरलेला पोकळ भोपळा उचलला. "त्याच्याकडं जाऊन येतो. हरलेल्या माणसाला आज एकटं जेवू देऊ नये."

बायका गाणी म्हणत अंगणात येत-जात राहिल्या. केम्बाबाझी हसत होती, टाळ्या वाजवत होती, पण नजर सारखी वाटेकडं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती बायकांना घेऊन झऱ्यावर गेली. भांडण होणार, असंच धरून चालली होती. वाटेवर रुहिंदा आणि काताबाझी आधीच पोचलेले. पुतण्या लांब उभा राहून शिव्या घालत होता, आणि म्हातारा कुंपणाची तार सोडवत होता. रुहिंदा खुंट हलवून हलवून उपटत होता.

"अध्यक्षीणबाई, बाजूला व्हा, तार लागेल," काताबाझी वर न बघता म्हणाला.

टोमणा होता की मान, तिला कळलं नाही. तिनं पदर खोचला आणि दुसऱ्या टोकाचा खुंट धरला.