निंदणातली पात

रिसोडच्या मुलींच्या शाळेत चौथीतली एकही पोरगी नापास झाली नाही. तपासणीला आलेल्या साहेबांनी हेडमास्तरीण तुळसाबाईंना विचारलं, "ही पद्धत कोणत्या ट्रेनिंग कॉलेजात शिकलात?"

"मायजवळ, कपाशी निंदताना," खुर्चीत ताठ बसून बाई म्हणाल्या. "जिची पात, म्हणजे वाट्याला आलेली ओळ, आधी सरते, ती बांधावर टेकत नाही; मागं राहिलेलीच्या पातीत समोरून शिरते. आमच्याकडे गणित आधी सुटलेली पोरगी तेच करते."

निकाल ऐकायला आलेली माय दाराशी बसली होती. आता ती कौतुक करील, असं बाईंना वाटलं.

"तुही पात सरली ना?" माय म्हणाली. "मंग बसली कायले? वेशीबाहेरच्या पोरी अजून घरीच हायेत."

साहेब हसले. तुळसाबाई तोवर खुर्चीतून उठल्या होत्या.