तिसऱ्यानंतर पाचवं

व्हिडिओत पंचशीलातल्या तिसऱ्या शीलानंतर येसूबाईचा श्वास दोनदा ऐकू येतो. मग ती पाचवं शील म्हणते, आणि तिच्यामागून सारं घर पाचवंच म्हणतं.

मुलाच्या, अमरदीपच्या फोनवर तिने ते पुन्हा ऐकलं. बोटं दुमडत मोजलं. चारच.

शेजारचा बाबाजी वारला, त्याच्या पुण्यानुमोदनाचा तो व्हिडिओ. पुढे रेणुकाचा आवाज होता. रेणुका वाडीतली सून, शाळेत शिकवणारी.

"काकी, चौथं ऱ्हायलं."

"काय ऱ्हायलं गो? तुला चोपडी बघितल्याबिगर एक ओळ येत नाय, नि माझ्या चुका काढतंस? पन्नास वरसं म्हणतंय मी!"

लोक हसले होते. रेणुकाने वंदनेची पुस्तिका पदराखाली घेतली होती.

येसूबाईला अक्षरओळख नव्हती. सासरे मुंबईहून वंदना पाठ करून आले. भात लावताना ते एक ओळ म्हणत, आणि चिखलात वाकलेली ती दहा वेळा म्हणे. विसरण्याची सोय नव्हती. विसरलं तर बघणार कुठे?

पुण्यानुमोदनाच्या दिवसापासून रोज ती चुलीपुढे पाचही शीलं म्हणून बघत होती. रोज बिनचूक येत. म्हणून आधी तिने फोनलाच खोटं ठरवलं.

"मधला तुकडा गाळला असंल विनोदने."

विनोद म्हणजे बाबाजीचा मुलगा. व्हिडिओ त्यानेच काढला होता.

"आये, गाळला असता तर उदबत्तीच्या धुराने मधेच उडी मारली असती," अमरदीप म्हणाला. "बघ, कसा सलग जातोय."

तिने बघितलं. धूर सलग होता.

त्यानंतर दोन रविवार विहारात वंदना तिनेच घेतली. एक शब्द चुकला नाही. रेणुका शेवटच्या रांगेत, हातात पुस्तिका न घेता बसायची. अडखळायची आणि ओठ मिटून घ्यायची. ते मिटलेले ओठ येसूबाईला पाठीवर जाणवत.

तिसऱ्या रविवारी मेणबत्त्या लावून झाल्या. हात जोडून सगळे तिच्या पहिल्या शब्दासाठी थांबले. तिने तोंड उघडलं आणि मिटलं.

"काकी, बरं नाय काय?" पुढे बसलेल्या महेंद्रने विचारलं.

"बरं हाय मला." ती मागे वळली. सगळ्यांच्या माना तिच्या नजरेबरोबर वळल्या.

"रेणुका, पुढं ये. बाबाजीच्या घरात चुकलं व्हतं ते माझं. तुझं नाय. आजपासून चोपडी बघून तू म्हण. मी तुझ्या मागून म्हणंन."