वाईची गोधडी

पौषातली सकाळ महाडात घाईने येत नाही. पूर्वेला सह्याद्री आडवा उभा. त्याच्यावरून चढून यायचे म्हणजे सूर्यालाही वेळ लागतो. तोवर जो उजेड असतो त्याला रंग नसतो, ऊब नसते. सावित्रीवरून उठलेले धुके बाजारपेठेच्या कौलांवर पसरलेले असते आणि त्या धुक्यातूनच तो उजेड, ताकावर लोणी यावे तसा, कुणाच्या नकळत वर येतो. आधी समोरच्या माडाच्या झावळ्यांची टोके दिसू लागतात. मग विजेच्या तारेवर ओळीने बसलेले दवाचे थेंब, मग शेजारच्या भिंतीवरची गेल्या निवडणुकीची पुसट अक्षरे. त्या दिवशीही तो तसाच आला. भिंतीवरून घसरत अंगणात उतरला आणि तिथे उभ्या असलेल्या मोटारसायकलीवर येऊन थांबला. टाकीला डाव्या बाजूला एक पोचा होता. त्या पोच्यात तो पाण्यासारखा साचला.

त्यात पाहण्यासारखे काही नव्हते. तरी शौनक अर्धा तास पायरीवर बसून तेच पाहत होता. सामान बांधून झाले होते आणि आता घाबरण्याव्यतिरिक्त त्याला काही काम उरले नव्हते.

शौनक भूमापन कार्यालयात कारकून होता. लग्नाला सात आठवडे झाले होते. बायको देवश्री वाईची, म्हणजे घाटावरची. पहिल्या संक्रांतीला तिला माहेरी पोहोचवायचे होते आणि तिच्या आईचे पत्र आले होते की, आणलीच आहे तर होळीपर्यंत राहू द्यावी. शौनकच्या आईने, जानकीबाईंनी, ते पत्र मोठ्याने वाचून त्याला विचारले होते, “काय रे, शिमग्यापर्यंत म्हणतायत. राहू दे ना?”

घरात सात माणसे होती आणि सातही ऐकत होती. शौनक वर्तमानपत्रातून मान न काढता म्हणाला होता, “राहू दे की. शिमगा काय, आलाच.”

स्वयंपाकघरात देवश्रीचे लाटणे त्या क्षणी थांबले होते. मग पुन्हा सुरू झाले होते.

दोन खोल्यांत सात माणसे असली की नव्या नवराबायकोचे बोलणे नळाला पाणी आले तरच होते, तेही बादली भरेपर्यंत. त्या तेवढ्या वेळात देवश्रीने आजवर त्याला पुष्कळ प्रश्न विचारले होते. भूक लागली का? दमलात का? भाजी खारट झाली का? सगळ्यांना त्याचे एकच उत्तर असे. “छे.” हे उत्तर त्याला सभ्यपणाचे वाटे. माणसाने आपल्यामुळे कुणाला तोशीस पडू देऊ नये, अशी त्याची समजूत होती. आणि ही समजूत इतकी जुनी होती की तिच्याखाली आपण काय झाकून ठेवले आहे, हे तो स्वतःही विसरला होता.

एक रात्र तरी बादलीची घाई नसावी, म्हणूनच त्याने हा बेत आखला होता. एस.टी.ने जायचे नाही. मोटारसायकलने पोलादपूर, तिथून आंबेनळी घाट. घाटात वरच्या अंगाला तंबू ठोकून एक मुक्काम. दुसऱ्या दिवशी भोगीच्या जेवणाला वाई. कारण विचारले तेव्हा तो “निसर्ग” म्हणाला होता.

“एस.टी. चार-पाच तासांत नेते,” देवश्री म्हणाली होती. “तुम्ही दोन दिवसांत नेणार. निसर्ग फारच लांब आहे म्हणायचा.”

तंबू त्याच्या मित्राचा, आमोदचा. आमोद दर पावसाळ्यानंतर गडकिल्ले हिंडायचा. त्याने तंबू दिला आणि झोपण्याची एकच बॅग दिली. “दोघांत एक पुरेल की,” असे म्हणून तो हसला, तेव्हा शौनकचे कान लाल झाले होते.

देवश्री मात्र गोधडी घ्या म्हणत होती. तिच्या आजीने जुन्या लुगड्यांची शिवलेली, जाड दोऱ्याच्या टाक्यांची, सासरी येताना सोबत आणलेली.

“नको,” शौनक म्हणाला. “गाडीवर ओझं होतं.”

“घाटात थंडी असते हो.”

“मला थंडी वाजत नाही.”

“बरं,” देवश्री म्हणाली. तिचे ‘बरं’ फार लहान असे, पण त्याच्या आत बरीच जागा असे.

निघताना तिने मागच्या सीटवर चादरीत गुंडाळलेले एक चौकोनी गाठोडे दोरीने बांधले. सीट टोचते म्हणाली. शौनकने त्याकडे नीट पाहिले नाही. तो स्वतःचे एक गुपित सांभाळण्यात गुंतला होता. जाकिटाच्या आत, शर्टाखाली, त्याने छातीभोवती आठवडाभराची वर्तमानपत्रे गुंडाळली होती. ही युक्ती आमोदने शिकवली होती: वारा कागदातून शिरत नाही. युक्ती खरी होती. फक्त ती वाजत होती.

महामार्गावर येताच देवश्रीने, आजूबाजूला ओळखीचे कुणी नाही असे पाहून, त्याच्या कमरेला धरले. कर्र, असा आवाज झाला.

“काय वाजलं हो?”

“जाकीट. नवीन आहे.”

पाच मैल गेले. मग तिने मुद्दाम पुन्हा दाबले. कर्र. मागून येणारे हसू वाऱ्याला ऐकू गेले असेल. शौनकने मात्र ऐकले नाही असे ठरवले.

पोलादपूरला चहासाठी ते थांबले. टपरीच्या बाकावर बसून देवश्रीने बशी फुंकत त्याच्या कॉलरकडे निरखून पाहिले. तिथून कागदाचा एक कोपरा डोके वर काढत होता.

“हवामान कुठल्या पानावर असतं हो?” तिने विचारले.

“का?”

“नाही, तुमच्या मानेवर स्थानिक बातम्या दिसतायत. म्हटलं, हवामान पोटाकडे असेल.”

“ऑफिसची कागदपत्रं आहेत,” शौनक म्हणाला, आणि चहाने जीभ भाजून घेतली.

घाट सुरू झाला तशी ऊन आणि सावली यांची वळणे लागली. उन्हात जरा बरे वाटे. सावलीचे वळण आले की पाण्यात उतरल्यासारखे होई. हात आधी दुखले, मग बधिर झाले. महाडची थंडी त्याला ठाऊक होती: पहाटे एक चादर ओढून घ्यावी, आठ वाजता विसरून जावी. थंडी याहून काही वेगळी असू शकते हे त्याच्या गावीही नव्हते. प्रत्येक वळणावर देवश्री मागून विचारी, “थंडी वाजतेय?” आणि पुढून उत्तर येई, “छे.” दातांमध्ये ते उत्तर दोनदा आपटून येत होते, एवढेच.

वाटेत थांबत-थांबत, चारच्या सुमारास एका वाडीखाली ओढ्याकाठी त्याला जागा पसंत पडली. सपाट, काळा, गुळगुळीत कातळ. शेजारी पाण्याचा आवाज. चित्रातल्यासारखी जागा होती, आणि चित्रातल्या जागेला थंडी लागत नाही. तंबूच्या काठ्या जुळवताना वरून एक म्हातारा उतरला. मागे डोक्यावर लाकडाची मोळी घेतलेली त्याची बायको. कुशाबा आणि तुळजाबाई. वाडीत राहायची, मुलगा मुंबईला.

“सायब, हितं नको,” कुशाबा म्हणाला. “पान्याकडं थंडी बसते. वर आमच्या खळ्यात या.”

“नाही, इथंच बरं आहे.”

“मग दोन पेंढे देतो भाताचे, खाली आथरा. थंडी वरनं नाय येत, भुईतनं येते. हा कातळ रातीचा बरफ व्हतो.”

“सतरंजी आहे आमच्याकडे.”

कुशाबाने त्या सतरंजीकडे, आजाऱ्याकडे पाहावे तसे, पाहिले. तुळजाबाईने मोळी उतरवली, त्यातली चार लाकडे काढून ठेवली आणि देवश्रीला विचारले, “गो पोरी, तुझा नवरा कुनाचंच ऐकत नाय व्हय?”

“ऐकतात की,” देवश्री म्हणाली. “ऐकून घेतात, मग ‘छे’ म्हणतात.”

“आमचा बी तसाच व्हता. एक डाव पार हुडहुडी भरली, तवा कुठं बोलाय लागला.”

कुशाबा हसत खोकला, खोकत हसला, आणि दोघे चढ चढून गेले.

लाकडे ओलसर होती. शौनकने काड्यापेटी अर्धी संपवली. धूर पुष्कळ झाला, जाळ झाला नाही. सूर्य डोंगराआड गेल्यावर ओढ्यातून जणू कुणीतरी गार हात बाहेर काढला. देवश्रीने त्याच्यापुढे तळवा पसरला.

“काय?” त्याने विचारले.

“ऑफिसची कागदपत्रं.”

शौनकने तिच्याकडे पाहिले, मग ओल्या लाकडांकडे. मग जाकिटाची चेन आणि शर्टाची बटणे उघडून एकेक पान काढून दिले. आधी पहिले पान गेले, मग अग्रलेख, मग क्रीडा. देवश्री प्रत्येक पान शेकोटीत घालण्याआधी वरचे मथळे वाचून दाखवत होती. शेवटी पोटाजवळचे, घामाने जरा ओले झालेले पान निघाले. त्यात राशिभविष्य होते.

“तुमची रास काय?”

“कर्क.”

“प्रवासाचा योग. मन मोकळे करावे,” तिने वाचले. तिथे खरोखर तसे लिहिले होते की नाही हे त्याला कधीच कळणार नव्हते, कारण पुढच्या क्षणी ते पान पेटले आणि त्याबरोबर लाकडेही. जाळ चांगला झाला. मात्र शौनकची छाती उघडी पडली. त्याला पहिल्यांदाच समजले की, आजवर आपल्या अंगात जी हिंमत होती ती बरीचशी रद्दी होती.

शेकोटीपाशी बसून बोलायचे, म्हणून तर हे सगळे. त्याने सात आठवडे वाक्ये जमवली होती. आता समोर ती होती, मध्ये जाळ होता, बादली भरण्याची घाई नव्हती; आणि एकही वाक्य जागेवर नव्हते.

“शिमग्यापर्यंत राहू ना मी?” देवश्रीने जाळाकडे पाहत विचारले. या वेळी तिच्या आवाजात चेष्टा नव्हती. “तुम्ही म्हणालात, आलाच म्हणून.”

घरी सात माणसे ऐकत होती. इथे एकच ऐकत होते, आणि तेच फार झाले.

“हो,” तो म्हणाला. “खुशाल.”

“बरं.”

झोपण्याची बॅग त्याने तिला दिली. स्वतः शाल घेतली. “मला लागत नाही,” असे स्पष्टीकरण त्याने विचारले नसताना दिले. देवश्री आपले गाठोडे उशाला घेऊन पाठ करून निजली. रात्रीत काय झाले ते सांगण्यात अर्थ नाही. कातळाने कुशाबाचा शब्द राखला.

फटफटण्याआधीच शौनक बाहेर आला. तंबूच्या कापडावर श्वासाचे पाणी झाले होते आणि त्याचे थेंब मानेवर पडत होते. त्याने पायांतले लोकरी मोजे काढून हातांत घातले, मोटारसायकल सुरू केली आणि इंजिनावर दोन्ही पंजे ठेवून उकिडवा बसला. ओढ्यापलीकडे उजेड येत होता, कालच्यासारखाच, बिनरंगी आणि बिनउबेचा. तो टाकीच्या पोच्यात साचेपर्यंत पाहायचे असे त्याने ठरवले. वर वाडीत कुणीतरी खोकले. वाई आता फार दूर नव्हती. दुपारी तीळ लावलेली भाकरी, मग माणसे, मग अंगणात निरोप. मग हीच मोटारसायकल, मागची सीट रिकामी, आणि महाडच्या नळाला पाणी आले की बादली एकट्याने भरायची. जानेवारी. फेब्रुवारी. मार्चचाही अर्धा. तो बोटांवर मोजत होता, पण बोटे मोज्यांत असल्यामुळे हिशेब लागत नव्हता.

जळक्या लोकरीचा वास आला.

“मोजा पेटलाय,” मागून देवश्री म्हणाली.

त्याने हात झटकले. अंगठ्यापाशी रुपयाएवढे भोक पडले होते. देवश्री बॅगेतून निघून आलेली, केस विस्कटलेले, आणि हातावर ते गाठोडे. चादरीची गाठ सुटली होती. आत लुगड्यांचे काठ होते, हिरवे, जांभळे, आणि जाड दोऱ्याचे टाके.

“ही... तू आणलीस?”

“आणली नाही. हिच्यावर बसून आले. तुमच्या गाडीला ओझं कळलंसुद्धा नाही.”

“मग रात्री का नाही दिलीस?”

“तीन वेळा विचारलं. तीन वेळा तुम्ही ‘छे’ म्हणालात, तिसऱ्यांदा तर झोपेत.” ती त्याच्या समोर, इंजिनाच्या पलीकडे, उकिडवी बसली. गोधडी तिच्या मांडीवर होती. ती तिने पुढे केली नाही. “आता शेवटचं विचारते हो. वाईला गेल्यावर घरभर माणसं असतील. थंडी वाजतेय?”

‘छे’ जिभेवर आले होते. इतक्या वर्षांचे, सवयीचे, सभ्य ‘छे’. इंजिन धडधडत होते. देवश्रीच्या नाकाचा शेंडा लाल झाला होता आणि ती हसत नव्हती. टाकीच्या पोच्यात आता उजेड पुरता भरला होता. शौनकने हात पुढे करून किल्ली फिरवली. इंजिन थांबल्यावर ओढ्याचा आवाज एकदम मोठा झाला.

“वाजतेय,” तो म्हणाला. “रात्रभर वाजत होती.”

देवश्री उठली, गोधडी उलगडून त्याच्या खांद्यांवर घातली आणि ती नीट बसवण्यासाठी दोन्ही काठ त्याच्या गळ्यापाशी धरून ठेवले. धरूनच ठेवले. गोधडीला पेटीतल्या डांबराच्या गोळ्यांचा वास होता.

“अजून काही?” तिने विचारले.

शौनकने खाली, हातातल्या मोज्याच्या भोकाकडे पाहिले.

“शिमगा लांब आहे,” तो म्हणाला.