उघड्या बोटांचं कौतुक

मित्रांनो, मी एक जुना रबरी हात आहे. नुसता हात, पुढे-मागे माणूस नाही. मनगटाखाली लोखंडी चिमटा आहे, त्यानं मला टेबलाच्या कडेला आवळून बसवतात. माझ्या बोटांच्या टोकांना खाचा आहेत. त्यांत प्लास्टिकची नखं बसवायची, रंगवायची, उपटायची आणि पुन्हा नवी बसवायची, एवढ्यासाठी माझा जन्म. कुठल्या कारखान्यात मला ओतलं ते आठवत नाही. माझी खरी ओळख सुरू होते ती बुलढाण्याच्या एका क्लासात, पुष्पांजलीसमोर. तिथं ती नखं सजवण्याचं काम शिकत होती.

पुष्पांजली बुलढाण्याजवळच्या धाड गावची. तिची आई मंजुळाबाई आठवडी बाजारात भाजी विकते. पोरगी एसटीनं बुलढाण्याला जाते आणि नखं रंगवायला शिकते, याचं गल्लीत भारी हसू झालं. मंजुळाबाई कोणाला बधली नाही. "हसू द्या. माही पोर सावलीत बसून कमावन," एवढंच म्हणायची.

क्लासातल्या बाई एका गोष्टीत फार कडक होत्या. हातमोजे घातल्याशिवाय जेलच्या बाटलीला हात लावायचा नाही. जेल म्हणजे नखावर चढवायचं चिकट रसायन. खास दिव्याखाली धरलं की ते टणक होतं. पण ओलं असताना रोज कातडीला लागत राहिलं, तर कातडी एक दिवस ते सोसेनाशी होते, असं बाई सांगायच्या. पुष्पांजलीनं ते मनावर घेतलं. मी रबराचा, मला काय होणार? तरी मलाही ती हातमोजे घालूनच धरायची.

मग तिनं धाडला एक खोली भाड्यानं घेतली आणि मलाही सोबत नेलं. पहिली नवरी आली ती प्रेरणा, मोठ्या शेतकरी घरातली. सोबत तिची आई रुक्मिणीबाई. पुष्पांजलीनं हातमोजे चढवले आणि रुक्मिणीबाईंच्या कपाळाला आठी पडली.

"हे काऊन घालून राह्यली वं? माह्या पोरीच्या हाताले काय खरूज झाली काय?"

"तसं नाही काकू. हे औषध बोटाले लागू नये म्हणून."

"तुह्या बोटाले लागू नये, अन् माह्या पोरीले लागलं तं चालते?"

"त्यायच्या नखालेच लागते, काकू. मले तं रोजच..."

"नवरीचा हात मायेनं धरा लागते. दवाखान्यात आणली काय मी तिले?"

प्रेरणा अर्धी उठलीसुद्धा होती. पहिलंच गिऱ्हाईक, तेही एवढ्या घरचं. पुष्पांजलीनं हातमोजे काढून ठेवले. मी शेजारीच आवळलेला होतो. मला तोंड असतं तर तेव्हा मी ओरडलो असतो.

प्रेरणाची नखं सुरेख झाली. लग्नात बायकांनी ती पुन्हा पुन्हा पाहिली आणि रुक्मिणीबाईंनी सगळ्यांना सांगितलं, "हात हातात घेऊन करते हो, बहिणीसारखी." झालं, त्या एका वाक्यानं पुष्पांजलीचं नाव झालं. आजूबाजूच्या गावांतून जीपा भरून नवऱ्या येऊ लागल्या. आता हातमोजे घालायची सोय उरली नाही. मंजुळाबाईनं ते मिरच्या वाटायला घेतले; बोटं भगभगत नाहीत म्हणून ती खूश होती. माझीही गरज सरली. मला आरशाखाली टाकलं, नखांवर धूळ बसली.

दुसऱ्या लग्नसराईत पुष्पांजलीची बोटं खाजू लागली. तिनं आधी भांड्यांच्या साबणाला दोष दिला, मग उन्हाला. पुढे टोकांना भेगा पडल्या आणि तिची स्वतःची नखं मांसापासून सुटू लागली. ती भाकरी चमच्यानं मोडायची. रात्री खोबरेल लावायची आणि सकाळी पुन्हा उघड्या बोटांनी कामाला बसायची. मला तिचा रागही यायचा आणि कीवही. लोकांच्या कौतुकाचा माणसाला एवढा धाक असतो?

मग रुक्मिणीबाई धाकट्या लेकीला घेऊन आल्या. पुष्पांजलीची बोटं बघून जागच्या जागी थबकल्या.

"हे काय झालं वं तुले? माह्या पोरीले लागन हे."

"कोणाले लागत नाही काकू हे."

त्या बसल्या नाहीत. संध्याकाळपर्यंत सगळ्या धाडला कळलं. लग्नसराई ऐन भरात असताना खोलीतली खुर्ची रिकामी राहिली.

बुलढाण्याच्या डॉक्टरांनी सांगितलं की तिला जेलचं वावडं झालं आहे आणि आता ते जन्मभर राहणार. एकदा वावडं झालं की हातमोज्यांतून झिरपलेलं थोडंसंही पुरतं. काम सोडा, म्हणाले. खोलीवर परत येऊन तिनं आईला एवढंच विचारलं, "आता म्या काय करू?" मंजुळाबाईनं तिची बोटं आपल्या हातात घेतली.  

ती खोली आता छाया चालवते. छाया त्याच गल्लीतली, सासर सोडून परत आलेली. तिलाही पोटापाण्याला काहीतरी हवंच होतं. तिनं माझ्यावर हात बसवला. पुष्पांजली दाराशी बसून, दोन्ही हात पदराखाली घेऊन, नुसत्या तोंडानं शिकवायची.

गेल्या आठवड्यात छायाची पहिली नवरी आली, मावशीसोबत. मावशीनं हातमोज्यांकडे बघितलं. "आमचा विटाळ होते काय तुले?"

छायानं दाराकडे पाहिलं, मग नवरीकडे, आणि एक हातमोजा ओढून काढू लागली.

पुष्पांजली उठली. तिनं पदराखालचे हात बाहेर काढले आणि टेबलावर, माझ्या शेजारी, उजेडात पालथे ठेवले. "म्याबी असेच काढले होते, मावशी."

 मावशीनं ती बोटं पाहिली, भाचीचं मनगट धरलं आणि दोघी निघून गेल्या. छायाच्या डोळ्यांत पाणी आलं. पण अर्धा निघालेला हातमोजा तिनं पुन्हा वर ओढला आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाची वाट बघत बसली. ते अजून आलेलं नाही.

मित्रांनो, कोणी हातमोजे घालून तुमचा हात धरला तर तो अपमान समजू नका. मी रबराचा आहे, माझी बोटं झिजली तर बाजारात नवा हात मिळतो. छायाला मिळणार नाही.